गौहाटीची रजा

आई, गच्ची रविवारपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. आपली बिल्डिंग शेवटी पाडायला निघाली, आणि आम्ही ज्या भाड्याच्या घरात चाललोय तिथल्या खिडकीत फार तर चार कुंड्या मावतील. तुझ्या आहेत त्रेसष्ट. म्हणून सकाळपासून अर्ध्या मुलुंडच्या बायका येऊन एकेक झाड घेऊन जातायत आणि प्रत्येकीला मी तुझी गोष्ट सांगतेय. बी विंगमधल्या गुजराती भाभी जास्वंद कडेवर घेऊन म्हणाल्या, "एवढं फिरल्या मम्मी तुमच्या! तुम्ही पण जात होत्या ना सोबत?" मी म्हटलं, "एकदा जाणार होते, रजाच नाही मिळाली." तू जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे वाक्य माझ्या तोंडून अजून सफाईने येतं. त्याबद्दलच तुझ्याशी बोलायला बसले आहे.

तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायचीस. कानाला हेडफोन लावून दिवसभर हॅलो जबलपूर, हॅलो कालिकत, हॅलो गौहाटी. पलीकडच्या ऑपरेटर बायकांचे चेहरे कधी पाहिलेले नाहीत, पण कुणाला सर्दी झालीय, कुणाचं सासूशी वाजलंय, हे तुला नुसत्या आवाजावरून कळायचं. तुझ्या मैत्रिणींना तेवढं पुरायचं. तू मात्र रजा साठवून त्या त्या गावी जायचीस, स्टेशनवरून थेट एक्स्चेंज गाठायचीस आणि दारात उभी राहून सांगायचीस, "मैं बॉम्बे." मग ती बाई तुला घरी न्यायची, जेवू घालायची, आणि निघताना तू तिच्या अंगणातली एक फांदी मागून घ्यायचीस. नवरा आणि दोन पोरं घरी ठेवून, एकटी, परक्या गावात, आणि तेही त्या काळात! शेजारचे काका बाबांना टोचून बोलायचे. बाबा म्हणायचे, "अहो, ती म्हणाली जाते, मी म्हटलं डबा ने. मी कोण परवानगी देणारा?" आणि आत जाऊन पिठल्याला फोडणी घालायचे. तुमच्या दोघांत जास्त नवल कुणाचं करावं, ते मला अजून ठरवता येत नाही.

फांदी ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात बसून यायची. मी सात-आठ वर्षांची आहे, जबलपूरच्या फांदीला मूळ फुटलं का ते रोज उपटून बघतेय. तू मागून येऊन उभी राहतेस. रागावलीस की तू मालवणीत शिरायचीस. "रोज उपटून बघलंस तर ता रुजतला कसा गो?" एवढंच म्हणालीस, पण पुढे आठवडाभर मला गच्चीवर फिरकू दिलं नाहीस. कुंडीवर तू ऑइलपेंटने गावाचं नाव लिहायचीस. झाड कुठलं म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचीस, "असेल काहीतरी, ही आमची कालिकत." आणि आम्ही काय केलं? तुझ्या तेराव्याला माणसं येणार, गच्ची जरा बरी दिसावी म्हणून मी आणि वहिनीने सगळ्या कुंड्यांना गेरू फासला. शेवटची कुंडी रंगवून झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा वहिनी तिथेच बसून रडली. आज कुठली बाई कुठलं गाव घेऊन गेली, मला सांगता यायचं नाही.

गौहाटीला तू गेलीस तेव्हा सत्तरीला आली होतीस, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. बाकी सगळ्या भेटून झाल्या होत्या. ही एकच राहिली होती, अकरा वर्षं रोज बोलून न भेटलेली. मेथी निवडता निवडता तू म्हणालीस, "चल ना गं, दोघी जाऊ. मला आता पाट्या वाचता येत नाहीत." आयुष्यात तू माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेलं मला एवढंच आठवतं. मी सांगितलं, साहेब रजा देत नाहीत. तू "बरं" म्हणालीस आणि एकटी गेलीस, दर स्टेशनला कुणा ना कुणाला विचारत. परत आल्यावर डोळ्यांत पाणी येईतो हसत सांगितलंस, समोरासमोर बसल्यावर दोघींना एक शब्द सुचेना. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात गेली, तू बाहेरच्या खोलीत, मधे भिंत, आणि तिने आतून हाक मारली, "हॅलो बॉम्बे?" मग कुठे गप्पा सुरू झाल्या, त्या चार दिवस थांबल्या नाहीत. आई, त्या घरात मी असू शकले असते.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. समोर असतीस तर मी आजही साहेबांवरच ढकललं असतं. रजा मंजूर झाली होती, आई, चांगली बारा दिवसांची. मलाच भीती वाटली, एवढ्या लांब तुला काही झालं तर मी एकटी काय करू. सत्तरीची तू निघालीस आणि चाळिशी ओलांडलेली मी घाबरून घरी बसले. ते बारा दिवस मी रोज सकाळी इथे येऊन तुझ्या झाडांना पाणी घातलं, दुसरं काहीच केलं नाही. तू आलीस, एकेक कुंडी वाकून पाहिलीस आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलीस, "नोकरी सांभाळून माझ्या लेकीने एक झाड सुकू दिलं नाही." मी तुझ्या शेजारीच उभी होते, आणि ते कौतुक मी घेतलं.