खालच्या कागदाला कळू नये

प्रिय आमू,

पत्र लिहायला बसले खरी, पण बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावतच राहिले. तुझे बाबा गेल्यावर कचेरीसमोरचं आपलं अर्ज लिहायचं टेबल मी चालवत होते. आता तेही बंद केलं. लोक कॉम्प्युटरवाल्याकडून टाइप करून घेतात. एकटीसाठी काय रांधायचं? सकाळचाच भात संध्याकाळी परतून खाते. तीन वर्षं झाली तुला येऊन. राजेगावचा पूल ओलांडून महाराष्ट्रात शिरलं की तुझं गोंदिया कितीसं दूर? दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आले. तू ये म्हटल्याशिवाय कशी येऊ?

शेजारच्या दुर्गाबाईंची नात अंजू पहिलीत आहे. तिची पेन्सिल कागद फाडायची, टोक मोडायचं, चार ओळींत रडू यायचं. दुर्गाबाई म्हणाल्या, "तुमी जिंदगीभर लिवलं बाई, इले जरा शिकवा." मी तिचा हात पाहिला. बोटांची टोकं पांढरी पडलेली, खांदा कानाला भिडलेला, पेन्सिल अशी दाबलेली की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. असा हात मी आधी पाहिला होता. कुणाचा, ते तुला कळेल.

पहिले आठ दिवस तिला पेन्सिल दिलीच नाही. परातीत तांदळाची कणी पसरली आणि बोटाने मोठमोठे गोल काढायला लावले, सगळा हात हलेल असे. दुर्गाबाई दारातून म्हणाल्या, "काहून ओ बाई, पोरीले शाळेत धाडाचं हाय का राइस मिलमंधी?" अंजू खो खो हसली आणि हसता हसता तिचा खांदा आपोआप खाली आला. मग पायांखाली विटा ठेवल्या. पाय लोंबकळले की अंग अवघडतं आणि ते बोटांत उतरतं. वही जराशी तिरपी केली. पेन्सिलीचा बोटभर तुकडा दिला, म्हणजे मूठच वळता येत नाही.

तरी दाब काही जाईना. तेव्हा बाबांच्या पेटीतला जुना कार्बन पेपर काढला. अर्जाच्या तीन प्रती लागायच्या आणि तिसरी फिकी आली की बाबू अर्ज परत करायचा. आमचे हात त्यातच घडले. दाबून लिहिणं म्हणजेच चांगलं लिहिणं, असं आम्ही धरून चाललो. मी अंजूच्या कागदाखाली कार्बन घातला आणि उलटा खेळ सांगितला: वर अक्षर दिसलं पाहिजे, खालच्या कागदाला कळता कामा नये. परवा तिने एक अख्खी ओळ लिहिली. खालचा कागद कोरा! "नानी, देखो, कुछ नहीं आया!" म्हणत ती घरभर नाचली. हात दुखला का विचारलं, तर म्हणाली, "हाथ को तो पता भी नहीं चला."

ती गेल्यावर मी तो कोरा कागद बोटाने चाचपून पाहिला. तुझ्या पहिलीच्या वहीत पानामागे अक्षरांचे उठाव बोटाला लागायचे आणि मी ते कौतुकाने लोकांना दाखवायचे. दाब, अजून दाब, असं मीच म्हणायचे. बारावीच्या पेपरात तुझे दोन प्रश्न राहिले. उत्तरं येत होती, हात आखडला होता. तू सुजलेलं बोट दाखवलंस. मी म्हटलं, आळशाला बहाणे फार. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मी तेच सांगत फिरले. तीन वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा मी पियुषच्या चिमुकल्या मुठीत पेन्सिल दिली आणि म्हटलं, दाबून लिही रे, आईसारखा आळशी नको होऊ. तू पिशवी उचललीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

पियुष यंदा पहिलीत जातोय, हे लीलामावशीकडून कळलं. त्याला माझ्याकडे कधीच सोडणार नाही, असं तू म्हणालीस, तेही कळलं. तुझं बरोबर आहे. म्हणूनच हे एवढं बारीकसारीक लिहिलं. मला बोलावू नकोस हवं तर, पण त्याचा हात वाचव. तूच त्याला असं शिकव. आणि हात दुखतो म्हणाला, तर तेव्हाच वही मीट. आमू, तू आळशी नव्हतीस. तुझा हात खरंच दुखत होता, आणि तो मी दुखवला होता. उत्तर लिहायला बसू नकोस. फोन कर. जे बोलायचं ते बोल. या वेळी मी मधे काही म्हणणार नाही.

तुझीच,
आई