चोवीस बोंबलांचे वाटे

पनवेल,
१४ जुलै २०१८

प्रिय जगन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता मुद्दाम छापून चिकटवला आहे. एवढी लबाडी माफ कर. सात वर्षांत तुला बारा-पंधरा वेळा फोन लावला, तू एकदाही उचलला नाहीस. उचलला असतास तरी मी काय बोललो असतो, देव जाणे. फळ्यासमोर उभा राहिलो की माझं तोंड तासभर थांबत नाही, पण तुझ्या बाबतीत ते कधी वेळेवर उघडलंच नाही. मंगळवारी मला एक फोन आला, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. त्याचं शेवटी लिहितो. आधी जे तुझं आहे ते तुझं म्हणून लिहू दे.

आपली दोन खोल्यांची शाळा आता राहिली नाही. विमानतळासाठी गाव उठलं, पोरं नव्या वसाहतीत गेली आणि मला कळंबोलीत पाठवलं. इथे खिडकीखालून दिवसभर लोखंडाचे ट्रक जातात, पाढे ओरडून म्हणून घ्यावे लागतात. शाळा पाडायच्या आधी एकदा जाऊन आलो. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर तू रंगवलेली होडी अजून होती, शिडाचा रंग तेवढा उडाला होता. फोटो काढायला मोबाईल वर धरला आणि माझी मलाच लाज वाटली. तुझं आणखी एक चित्र माझ्याकडे नको, असं वाटलं. तसाच परत आलो.

तिसरीच्या पोरांना भागाकार काही केल्या येत नव्हता, ते आठवतं? मी पुस्तकातल्या सफरचंदांवर अडून बसलो होतो. तू दारातूनच हसलास. “कमळाकर, या पोरांनी सपरचंद आजारपणातच पायलाय. वाटे घाल, वाटे!” आणि एका पाठकोऱ्या कागदावर तू तुझी आई काढलीस. मोरा बंदराच्या धक्क्यावर बसलेली सखूबाई, डोक्यावरची चुंबळ काढून बांगडीसारखी मनगटात अडकवलेली, पुढ्यात पाटी, पाटीत चोवीस बोंबील, आणि समोर चार वाट्यांच्या रिकाम्या जागा. एका वाट्याला किती? ज्यांच्या घरी मासळी वाट्यानेच येते त्या पोरांनी बघता बघता उत्तर दिलं. एका पोरीने तर हात वर करून विचारलं, “गुरुजी, वर एक नाय घालायचा?” मग तू पंचवीस बोंबलांचा दुसरा कागद काढलास. वरचा एक म्हणजे बाकी. मी बारा वर्षं भागाकार शिकवत होतो, पण बाकी म्हणजे काय हे इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

असे तू एकेचाळीस कागद काढलेस. ते इंटरनेटवर टाकायची कल्पना मात्र माझी, तेवढं श्रेय मी घेतो. २००९ साल होतं. ज्या मास्तरांच्या गावात झेरॉक्सचीही सोय नाही त्यांना हे फुकट मिळावं, असं आपण दोघांनी ठरवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जुन्या पनवेलातल्या सायबर कॅफेत जाऊन एकेक कागद स्कॅन करायचो आणि माझ्या ब्लॉगवर चढवायचो. तुला ठाऊकच आहे, आपल्या शिक्षकमंडळींच्या अशा कागदांना खाली एक पट्टी असते. निर्मिती अमुक, शाळा तमुक, मोबाईल नंबर. काहीजण तर गॉगल लावलेला फोटोही टाकतात. माझी पट्टी आधीच तयार होती : ‘निर्मिती – क. का. घरत’ आणि पुढे माझा नंबर. ती प्रत्येक पानाखाली आपोआप यायची. तुझं नाव घालू का विचारलं, तर तू म्हणालास, “नाव कशाला? पोरांना गणित आला म्हंजे झाला.” तुझ्या या बोलण्याआड मी पुढे किती लपलो! तुझं नाव घालू नको म्हणालास, जगन. माझं घाल, असं तू म्हणाला नव्हतास.

मग फोन यायला लागले. कुठून कुठून, ज्या तालुक्यांची नावं मी नकाशात शोधली तिथून. सर, तुमच्या वाट्यांमुळे आमची पोरं गणिताला हसतात, असं एक बाई म्हणाल्या. पहिल्या फोनला मी सांगणार होतो की चित्रं माझ्या सहकाऱ्याची आहेत. बाई घाईत होत्या, राहून गेलं. दुसऱ्या वेळी कुणी घाईत नव्हतं. ते कौतुक मला गोड लागलं होतं, एवढंच त्याचं खरं कारण.

आणि मग २०११ची ती शैक्षणिक साहित्याची स्पर्धा. तू तुझे मूळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवून आणले होतेस. मला आधी बोललाही नव्हतास, मला चकित करायचं होतं तुला. परीक्षकांनी सखूबाईचं चित्र पाहिलं, लॅपटॉप उघडला आणि भरल्या सभागृहात म्हणाले, की नेटवरून उतरवलंत ते उतरवलंत, निदान मूळ कर्त्याचं नाव तरी ठेवायचं. लोक हसले. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि फायलीतले कागद सारखे करत होतो. ते आधीच सारखे होते. किती वेळ गेला असेल? उठून चार शब्द बोलायला पुरेल इतका नक्कीच. मग तुझा आवाज ऐकला : “चुकला माझा, सायेब.” पुठ्ठे काखेत मारून तू निघून गेलास. महिन्याभरात उरणकडे बदली मागितलीस. माझं नाव तू कुणापुढे घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर माझी दोन दिवस नाचक्की झाली असती आणि सुटलो असतो.

बुधवारी मी शाळेला रजा टाकली. एकेचाळीस पानांची पट्टी बदलली : ‘कल्पना आणि चित्रे – जगन धर्मा कोळी, मोरा’. ब्लॉगच्या पहिल्या पानावर स्पर्धेची हकीकत लिहिली, मी फायलीतले कागद सारखे करत होतो त्यासकट. तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकली. काहींनी हात जोडले, बरेचजण गप्प आहेत. ब्लॉगचा पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीवर आहे. ठेव, मोड, सगळं पुसून टाक, तुझी मर्जी. पण जे कागद हजारो लोकांनी आधीच उतरवून घेतले त्यांच्यावर माझंच नाव राहणार. ते परत बोलावता येत नाहीत. फुकट दिलेल्या वस्तूचं असं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता मंगळवारचा फोन. उरणच्या एका खासगी शाळेतल्या नव्या बाई होत्या. पट्टीवरचा नंबर पाहून फोन केला म्हणाल्या. तिसरीला भागाकार शिकवत होत्या, वाट्यांचा कागद फार उपयोगी पडला. मी सवयीने नाव विचारलं. “समृद्धी जगन कोळी.” लहानपणी ती मला माझ्या ओवे गावावरून ‘ओव्याचे काका’ म्हणायची, क. का. घरत म्हणजे मीच, हे तिला कुठून कळावं! ती म्हणाली, “सर, ती कोळीण डिट्टो माझ्या आजीसारखी आहे. आजी चुंबळ अशीच मनगटात अडकवायची. आमच्याकडे आजीचा पाटीबरोबर एकही फोटो नाही. बाबांना दाखवलं, तर त्यांनी कागद उलटा करून ठेवला. तुम्ही माझ्या आजीला पाहिलं होतं का?” जगन, तुझ्या घरी जिने मला समोर बसवून भाकरी आणि सुकट वाढली, दुसरी भाकरी नको म्हटल्यावर रागावली, त्या सखूबाईला मी पाहिलं नाही म्हणालो. मनानेच काढलं, म्हणालो. पोरगी म्हणाली, थँक्यू सर. पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, सकाळी मोऱ्याला येतो आहे. तिला सगळं मी सांगणार, माझ्या तोंडाने. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. धक्क्यावर सखूबाईच्या जागी बसून राहीन, समृद्धीला तेवढं तिथे पाठव. ती रोज वर्गात वाटते तो कागद कुणाच्या हातचा आणि त्यावरची आजी कुणाची, हे तिला कळू दे.

तुझाच,
कमळाकर