इंजिनाचं पाणी

वाडी, ता. धारूर
२ फेब्रुवारी १९८७

ती. सुंदररावदादांस सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

मी सांगते, लेक शिवकन्या लिहिते. दुष्काळानं आड आटला. मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला हातपाय धुवायला पाणी मिळेना, घाट चढून तापलेल्या गाडीत ओतायला मिळेना. डेपोनं मुक्काम बंद केला. पहाटेची गाडी गेली, तशी पोरीची धारूरची शाळाही गेली. दहावीची परीक्षा तोंडावर आहे. हे तुमच्याच कारखान्याच्या ऊसतोडीवर आहेत. त्यांचा निरोप आलाय, शाळा सुटलीच असंल तर पोरीला इकडं आणून सोड, कोयत्याला हात होईल. दादा, काहीतरी करा.

आमच्यावरची सावली हलू देऊ नका.
सत्यभामा

माजलगाव, ७ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालूनच कारखान्याच्या सभेला गेलो. बीडला अजून रेल्वे नाही, पण आमच्या कारखान्याच्या बागेत आली! कुठलंसं गंजकं वाफेचं इंजिन, सरकारी अनुदान आणि उसाच्या बिलातली कपात घालून घासूनपुसून उभं केलंय. चेअरमन म्हणाले, हा आपला वारसा हाय. मी विचारलं, हा वारसा धारूरला थांबतो का? सगळे हसले. बागेला एक चक्कर मारायला अख्खा टँकर पितंय ते. किळस आली बघ. टँकर माझाच, कारखान्याला भाड्यानं लावलेला. उद्घाटनादिवशी तो वाट चुकेल. डेपो मॅनेजरशी बोललोय, पाणी दिसलं की गाडी मुक्कामी. पोरीला म्हणावं, पुस्तक मिटू नको.

खुशाली कळवत जा.
सुंदरराव

वाडी, १६ फेब्रुवारी

ती. दादांस शि. सा. न.

टँकर आडात रिता झाला आणि ड्रायव्हर हरिबा मुक्कामी आला. बायांनी त्याला परातीत पाय धुवायला लावले, ते पाणी म्हशीला. तो म्हणाला, नवरदेवाचेबी एवढे लाड होत न्हाईत. शिवकन्या शाळेत जाते, पण यांचा होकार नाही. तुम्हीच बोला.

तुमचीच,
सत्यभामा

माजलगाव, २० फेब्रुवारी

चि. सौ. सत्यभामेस आशीर्वाद.

उद्घाटन झालं. इंजिन कोरडं, पाहुणे हार घालून डब्यात. उतरायचं कुणी नाव घेईना. मग चेअरमननी तोडकऱ्यांना बोलावलं, ढकला म्हणाले. चिपाड पेटवून धूर केला, बँड वाजला, आतले हात हलवत राहिले. थू! ढकलणाऱ्यांत तुझे मालक, बद्रीनाथ दाजीही होते. माझी चलाखी त्यांच्याच खांद्यावर आली. पेपरात फोटो आलाय. डबे आहेत, धूर आहे, ढकलणारे तेवढे नाहीत.

माझं टँकरचं काम गेलं. बरं झालं, आता माझ्या मळ्यातलं पाणी घेऊन टँकर तुमच्याकडंच येईल. दाजींना चहाला नेलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, पोरीला परीक्षेला धाडा, आपल्या घरातलं एक माणूस तरी गाडीच्या आत बसू द्या.

माया आहे तशी राहू दे.
सुंदरराव