शून्याची ओळ आणि विहीणबाई

सोमवार, ३ तारीख
बाळ आज महिन्याचं झालं. काय ते नाक! अगदी माझं. विहीणबाई म्हणतात त्यांच्यावर गेलंय. असतो एकेकीचा चष्म्याचा नंबर वाढलेला.

सूनबाईने कॉम्प्युटरवर तक्ता केलाय. बाळाला झोपवायला कोण बसलं ते लिहायचं, झोपलं तर एक, नाही तर शून्य. मग प्रत्येकाच्या नावापुढे आपसूक बेरीज पडते. त्याला पिव्होट टेबल म्हणतात. मी चौथी शिकलेली, तरी लगेच कळलं. सूनबाई म्हणाली, ज्यांचं शून्य असेल त्यांच्या ओळी लपवते, तक्ता सुटसुटीत दिसेल. मी म्हटलं, मुळीच नाही! शून्य तर शून्य, दिसू दे की. उगाच विहीणबाईंना लपायला जागा कशाला?

गुरुवार, ६
विहीणबाई सात. सूनबाई नऊ. मुलगा दोन, तेही बाळाच्या आधी स्वतः घोरून. ‘आपोआप’ म्हणून एक ओळ आहे, तिच्यापुढे चार. मी शून्य.

बाळ हुशार आहे. मला पाहिलं की त्याला गप्पा मारायच्या असतात, झोपेल कसं? विहीणबाईंच्या आवाजाने तर कुणालाही झोप येईल. काल मलाच लागली.

शुक्रवार, ७, सकाळी
विहीणबाई तक्ता मोठ्याने वाचतात. माझं नाव आलं की आवाज हळू करतात. हा कुजकेपणा मला कळत नाही होय?

शून्याची ओळ लपवायचीच. सूनबाईचं म्हणणं बरोबर होतं, सुटसुटीत हवं. पण तिला विचारलं तर आईच्या कानावर घालेल. मुलगा दाढी करत होता, त्याला विचारलं. म्हणाला, नावांच्या वर बाण आहे तो दाब, यादी उघडेल, नको त्या नावाची टिक काढ. काढली. मी गायब! जिवाला गार वाटलं.

रविवार, ९
झोपलं! माझ्या खांद्यावर! गातही नव्हते, नुसतं विहीणबाईंबद्दल दोन शब्द त्याच्या कानात सांगत होते. खांद्याला मुंग्या आल्या, पण हलले नाही. सूनबाईने माझ्या नावावर एक लिहिला. आता बघू म्हणावं!

सोमवार, १०
विहीणबाईंना हाताला धरून तक्त्यापुढे नेलं. म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, काय बघू? मी वाकून पाहिलं, तर माझं नावच नाही! मुलाला हाक मारली. तो बुटाची नाडी बांधत, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, “अगं आई, नावाची टिक काढली की नाव गेलंच. मग पुढे एक येवो की शंभर. शून्यं लपवायची तर आकड्याला गाळणी लावायची असते. पण टिक तर तूच काढलीस ना शुक्रवारी?”

मी म्हटलं, आठवत नाही.

त्याने टिक लावली. आले मी. एक. वरच्या ओळीत विहीणबाई, अकरा.

विहीणबाई हसल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. हसल्या नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “विहीणबाई, उद्या माझ्या पाळीला तुम्हीच बसा हो.”

नाही म्हणणार होते. हो म्हणाले.