वाफेचं पाणी

२ ऑगस्ट १९५२
माझ्या थोरल्या लेकीला, विमलला जाऊन आज वर्ष झालं. मुदतीचा ताप! विहिरीच्या पाण्यातनं आला असणार, म्हणाले होते डॉक्टर. आता नेमू दहा महिन्यांचा, पाणी मागायला लागलाय. पेला त्याच्या तोंडाला लावायच्या आधी दहादा उजेडात धरून बघते.

डॉक्टर म्हणतात, "उकळून द्या, पुरे." यांना पटेना. शाळेत रसायन शिकवतात ना! परसात पत्र्याखाली चूल मांडली. वर तांब्याची कळशी, झाकण कणकेनं लिंपलेलं, त्यातनं नळी. नळी गार पाण्याच्या बादलीतनं खाली बाटलीत. वाफेचे थेंब पडतील तेवढेच नेमूचे.

५ ऑगस्ट
आत्ती बाटलीकडे बघतसुद्धा नाहीत. "मी दुहेरी फडक्यानं गाळतो. फडक्यातला जीव न् जीव परत विहिरीत सोडतो. त्या पाण्याला काय झालंय?" सासूपुढं काय बोलणार! पण चीड येते. नातवापेक्षा फडकं प्यारं!

६ ऑगस्ट
झाकण लिंपायला आत्तींकडे कणीक मागितली. "खायची कणीक न्हाई मिळायची." डबा उचलून आत गेल्या.

११ ऑगस्ट


दिवेलागणीला हंबीरराव जमादार दारात. सोबत दोन शिपाई. "परसात दारूची भट्टी लावलीया म्हणं!" कुणीतरी कळवलं होतं. हे शिकवणीला गेलेले. मी बाटली पुढं केली — पाणी आहे हो, बाळासाठी! त्यांनी हुंगली. "सर्दी झालीया, काय कळंना." मग चाखा की! "व्हय! आन् दारू निघाली म्हंजे? माझीच नोकरी जाईल." मी पिऊन दाखवते म्हटलं. "तुमी लावलीया, तुमी पिणारच. चला चौकीत. शिपायांनो, कळशी उचला."

नेमू रडायला लागला.

तेवढ्यात आत्ती जपमाळ ठेवून उठल्या. माझ्या हातातनं बाटली घेतली, पेल्यात ओतली. जैनांचा नेम, चाळीस वर्षं सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नाही त्यांनी. साऱ्या गल्लीला ठाऊक, जमादारालाही. तो हात जोडून म्हणाला, "आक्का, ऱ्हाऊ द्या. पटलं मला." त्यांनी ऐकलं नाही. उभ्या उभ्या सगळा पेला संपवला. "पाणी हाय. जावा आता."

शिपायांनी कळशी खाली ठेवली.

१२ ऑगस्ट
आत्तींनी प्रायश्चित्त घेतलंय. दोन दिवस निर्जळी! ओठ सुकलेत. मी पाया पडले. म्हणाल्या, "माझा नेम मी बघून घेतो. तू पोराला बघ."

त्यांच्याबद्दल काय काय लिहून बसले मी!

१४ ऑगस्ट
सकाळी पारणं. मी पेला पुढं केला, त्यांनी गाळलेल्याच पाण्याचा. त्यांनी घेतला नाही. परसातल्या नळीकडे बघत म्हणाल्या, "खरं सांग. विमलला मी पाजलेलं पाणीच बाधलं न्हवं? ते थेंब पडाय लागले की मला दुसरं काय ऐकूच येत न्हाई गं."

"नाही हो आत्ती!" मी लगेच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन कणकेचा डबा आणला आणि कळशीचं झाकण लिंपायला बसल्या.