नारळ कोणत्या गाडीपुढे

सुलतानपूर,
१८ फेब्रुवारी १९६३

ति. सौ. शकूताईस,
नीळकंठचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण दवाखाना नाही, खामगाव आहे. रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

सायकलवरून खेड्यांच्या फेऱ्या करून माझे गुडघे आता माझ्याच औषधांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. खामगावला शालिग्राम मिस्त्रीच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला उभ्या आहेत. एक मॉरिस. तिचा मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा आणि मागे कपाटासारखी दोन दारं. ती उघडून मागची सीट पाडली की माणूस आडवा झोपवता येतो. दिसायला अगदीच भाजीची टोपली. पण शालिग्रामनं लष्करी भंगारातला हवेचा पंखा तिच्या इंजिनाला जोडलाय. लोहाराचा भाता विस्तवाला वारा घालतो, तसा तो इंजिनात हवा कोंबतो. पाय दाबला की गाडी शीळ घालते आणि चढावर ट्रकलाही मागे टाकते. शालिग्राम म्हणाला, डाक्टरसाहेब, दिसाले गाय हाय, पन पयते हरनावानी.

दुसरी गाडी तुला आठवत असेल. बाबा कापसाच्या प्रेसमध्ये बिलं लिहायचे, तेव्हाच्या साहेबांची लाल एम.जी. उघडी, लांब नाकाची, दोनच सीटांची. मी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ती वडाखाली उभी असायची. सहा वर्षांचा असताना साहेबांनी एकदा मला जलंबच्या फाटकापर्यंत फिरवून आणलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी पायी चालतानासुद्धा कानात तो वारा ऐकत असे. परवा तिच्या चाकापाशी उभा राहिलो आणि पुन्हा तोच वारा सुटला. मी बत्तीस वर्षांचा आहे, दोन खेड्यांत माझ्या शब्दाला मान आहे, आणि मला शाळा बुडवल्यासारखं वाटत होतं.

स्नेहलता म्हणते, दोन सीटांपैकी एकीवर तुम्ही, दुसरीवर औषधांची पेटी, आणि मग मी आणि मामंजी टपावर बसतो, पण तुमच्या गाडीला टपही नाही. बाबा म्हणतात, मॉरिस घे, रोगी काही बसून येत नाहीत. तेही खरंच आहे. गेल्या आठवड्यात झुंबरबाईनं अडलेल्या सुनेला नऊ मैल बैलगाडीतून आणलं. दोन्ही जीव वाचले. पण म्हातारी म्हणाली, डाक्टर, बैलं चालून राह्यले होते अन् मी नुसती तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. हे ऐकून मी मॉरिस घ्यायचं पक्कं केलं आहे.

दिवसा मॉरिस पक्की असते. झोप लागायच्या आधी मात्र लाल गाडी येते. तू थोरली आहेस, एकदा रागावून पत्र लिही म्हणजे ती यायची थांबेल.

बाबा ठीक. दोन महिन्यांपासून ऊन लागतं म्हणून काळा चष्मा घालतात. गावातली पोरं त्यांना हिरो म्हणतात. त्यांनी वेगळं कार्ड टाकलं आहे. दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया या पत्रानंतरही शिल्लक ठेव.

तुझा
नीळू

मलकापूर,
२३ फेब्रुवारी १९६३

चि. नीळू यास,
अनेक आशीर्वाद.

रागावण्याची फर्माईश आली म्हणून मुद्दाम रागावत नाही. तुझ्या पत्रात मॉरिसच्या सगळ्या ओळी कामाच्या आणि लालीच्या सगळ्या मनातल्या. मुलगी पाहायला गेलेला मुलगा असाच परत येतो. विचारलं तर सांगतो की थोरली सुगरण आहे, आणि डोळ्यांपुढे धाकटी असते.

तुझे दाजी बुकिंगच्या खिडकीत बसून रोज शेकडो माणसं जाताना बघतात. त्यांचं म्हणणं, गाडी घेताना आपण कुठे जाणार हे बघू नये, आपल्याला कोण हात दाखवणार आहे हे बघावं. तुला रस्त्यात झुंबरबाईच हात दाखवणार. तेव्हा मॉरिस. पण तुला वाईट वाटेल हे मला कळतं, आणि मलाही थोडं वाटतं. तू फाटकावरून परत आलास तेव्हा तुझे केस उभे राहिले होते आणि तू आईला विंचरू दिले नव्हतेस.

बाबांचं कार्ड पोचलं. एकतीस वर्षं बिलं लिहिलेला हात, कधी ओळ वाकडी गेली नाही. या कार्डावर दोन ओळी एकमेकींच्या अंगावर बसल्या आहेत. त्यांनीच खाली लिहिलंय की चष्म्याचा नंबर बदलायचा आहे. घरात डॉक्टर आहे ना? बघ जरा.

गाडीच्या पूजेला मला येता येणार नाही, मुलांच्या परीक्षा आहेत. नारळ बाबांच्या हातून फोडा. पेढे पाठवलेस तर माया शिल्लक आहे असं समज.

तुझी
शकूताई

सुलतानपूर,
६ मार्च १९६३

ति. सौ. शकूताईस,
सा. न. वि. वि.

पेढे सोबत पाठवतो आहे. ते लाल गाडीचे आहेत. आता बैस आणि नीट वाच.

रविवारी संध्याकाळी बाबा आणि मी एस.टी.नं खामगावला पोचलो. शालिग्रामला सांगितलं की मॉरिस नक्की, सकाळी पूजा करून नेतो. तेव्हा मॉरिस अंगणात कडुनिंबाखाली होती आणि एम.जी. भिंतीकडे. बाबा अंगणात जरा येरझाऱ्या घालत होते. सकाळी येऊन पाहतो तर शालिग्रामनं दोन्ही गाड्या धुऊन जागा बदलल्या होत्या. बाबांच्या हातात ताट दिलं. बाबा सरळ निंबाखाली गेले, लाल गाडीच्या नाकावर हात ठेवला, क्षणभर थांबले. मग तिथेच कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तिच्या चाकापुढे नारळ फोडला.

शालिग्रामनं, बाबूजी, हे, एवढंच म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरच्या वडील माणसानं नारळ फोडला की गाडी घरची झाली, त्यात बदल करायची आपल्याकडे रीत नाही. ताई, मी रडलो. मी कोणालाही सांगितलं नव्हतं, तुझ्याशिवाय. आणि या माणसानं माझं मन वाचलं. वर्षानुवर्षं जी गाडी त्यांनी लांबून पाहिली, कधी हात लावला नाही, ती मला दिली.

मग आम्ही निघालो. काय सांगू तुला. बाबांनी टोपी काढून मांडीवर धरली आणि तोंड वर केलं. जानेफळ-मेहकरच्या रस्त्यानं आलो. बाबा पुढचं पुढचं सांगत होते. आता तेलाची गिरणी. आता वीटभट्टी. कुणाचं तरी गुऱ्हाळ चालू आहे बघ. मेहकरजवळ पूल दिसायच्या आधीच म्हणाले, पैनगंगा आली. त्यांची रस्त्याची आठवण एवढी पक्की असेल असं मला वाटलं नव्हतं. जानेफळच्या पुढे एका उतारावर दोन्ही बाजूंना पळस असा फुलला होता की मी गाडी हळू केली आणि बोट दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत. भारावले असावेत. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गाडी चालत होती आणि मला वाटत होतं, सुलतानपूर आज जरा लांब असतं तर बरं.

रोग्यांचं काय, हे तू विचारशील. काहीतरी करीन. आज विचारू नकोस.

आनंदात असलेला
नीळू

मलकापूर,
११ मार्च १९६३

चि. नीळू यास,
अनेक आशीर्वाद.

पेढे मुलांनी संपवले. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मीही रडले.

तेलाची गिरणी, वीटभट्टी, गुऱ्हाळ, नदीचा गारवा. हे सगळं डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळतं. पळसाला वास नसतो, नीळू.

आदल्या संध्याकाळी निंबाखाली मॉरिस होती, तूच लिहिलं आहेस. बाबा सकाळी सरळ निंबाखाली गेले. दिवाळीत ते इथे होते तेव्हा चहा ओतताना कपात बोट धरत. भरल्याचं कळावं म्हणून, असं आता वाटतं. तेव्हा मी हसले होते. कार्डावरच्या त्या दोन ओळी मला रोज दिसतात.

त्यांनी तुझं मन वाचलं असेल, तर मी तुझे पाय धरून क्षमा मागेन. पण आज घरी गेलास की त्यांचा काळा चष्मा काढ आणि आत बघ. स्नेहलतेसमोर नको, एकट्यात बघ. त्यांना लाज वाटेल.

उलट टपाली लिही.

तुझी
शकूताई

सुलतानपूर,
१६ मार्च १९६३

ति. सौ. शकूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. उजव्यात नुसता उजेड-अंधार कळतो, डाव्यात सावल्या. मी दिवसाला चाळीस जणांचे डोळे टॉर्च लावून बघतो. घरातल्या माणसाचा चष्मा उचलून पाहिला नाही. घरात त्यांची पावलं ठरलेली, पेपर स्नेहलता वाचून दाखवते, आणि मी सकाळी निघतो तो रात्री येतो. ही काही सबब नाही. मला माझीच लाज वाटते.

बाबा शांत होते. मी रागानं विचारलं की का लपवलंत. ते म्हणाले, माझ्या वडिलांची नजर गेली तेव्हा त्यांना ओसरीवर सतरंजी घालून दिली होती. जेवण वेळेवर मिळे. पण मुलीचं कुठे ठरवायचं, शेतात काय पेरायचं, हे कोणी त्यांना विचारायला गेलं नाही. दिसत नाही त्याला काय विचारायचं, असं मीसुद्धा म्हणत असे. तू मला गाडीचं विचारलंस, नारळ माझ्या हातात दिलास. तो हातातून जाऊ नये म्हणून लपवलं.

ताई, त्या संध्याकाळच्या येरझाऱ्या म्हणजे ते पावलं मोजत होते. गॅरेजच्या फाटकापासून निंबापर्यंत चौदा. सकाळी बरोबर चौदा पावलं चालले आणि हात ठेवला तेव्हाच त्यांना कळलं. मॉरिसचं नाक गोल आहे, हे लांब निघालं. पण हातात ताट, चार माणसं बघताहेत. चुकलो म्हटलं तर सगळ्यांना कळणार. म्हणून त्यांनी तसाच नारळ फोडला.

मी शालिग्रामकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले. मग म्हणाला, नारय फुटला त फुटला, देवाले गाडीचा नंबर नाही लागत. मॉरिस मी कोनाले देत नाही, तुमी आंधी बाबूजीचे डोये पाहा.

काल बाबांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, परवा ऑपरेशनसाठी नेतो. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची आशा आहे, उजव्याबद्दल आता बोलत नाही. ऑपरेशननंतर डोकं हलवायचं नसतं, म्हणून दहा दिवसांनी विश्रांतीला तुझ्याकडे आणताना आडवंच आणावं लागेल. शालिग्राम स्वतः मॉरिस चालवत येणार आहे. कोणती गाडी ठेवायची हे मी ठरवणार नाही. पट्टी निघाली की बाबांना विचारीन. आणि नाही दिसलं, तरी त्यांनाच विचारीन.

देवघरात दिवा लावत जा.

तुझा
नीळू

मलकापूर,
९ एप्रिल १९६३

चि. नीळकंठ यास,
वामनरावाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. ओळी तपासून पाहा. शकुंतला मागे उभी राहून तपासतेच आहे.

डावा डोळा चालतो. भिंगं जाड आहेत आणि जग थोडं वाकलेलं दिसतं, पण दिसतं. पट्टी निघाल्यावर प्रथम शकुंतला दिसली. तिचे केस पांढरे झालेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिलो, तिला वाटलं मला दिसत नाही, आणि ती रडू लागली. मग मी सांगितलं की तुझी टिकली जरा डावीकडे गेली आहे.

तू गाडीचं विचारलंस. मॉरिस ठेव. अकोल्याहून इथवर मी तिच्यात आडवा आलो. डोळ्यांवर पट्टी, वर लाकडाचा वास, आणि चढ आला की पुढे शीळ. मला वाटे, कोणी तरी घाई करून मला घरी नेत आहे. झुंबरबाईच्या सुनेला हे मिळायला हवं होतं. पुढच्या बाईला मिळेल.

लाल गाडी चुकून तुझ्या वाट्याला आली, तशी माझ्याही. त्या दिवशी तू मला ज्या वाऱ्यात बसवलंस, त्यात दोन वर्षांत पहिल्यांदा मला आंधळं वाटलं नाही. ती सुखानं परत कर. पण त्याआधी मला न्यायला तीच घेऊन ये. वाट लांबची पडली तरी जानेफळच्याच रस्त्यानं जाऊ. पळस आता झडला असेल, त्याचं काही नाही. त्या उतारावर गाडी हळू कर आणि तेव्हा दाखवलं होतंस तिकडे पुन्हा बोट दाखव. मी त्या दिवशी गप्प बसलो, ते मला फार लागून राहिलं आहे.

सौ. स्नेहलतेस आशीर्वाद. तिला सांग, पेपर आता मी तिला वाचून दाखवीन. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो लिहून दाखवता येत नाही.

तुझा
बाबा

ता. क. शालिग्रामला कळव की मॉरिसपुढचा नारळही मीच फोडणार. आणि त्या दिवशी त्यानं दोन्ही गाड्या हव्या तिथे उभ्या कराव्यात, कोणती कुठे हे मला कोणी सांगायचं नाही.