तुमच्या नंबरावरून आलेली शाब्बासकी

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलं ते तुम्ही पत्र लिहायला शिकवलंत म्हणून. मनात आत्ता दुसरेच शब्द आहेत, पण ते कागदावर उतरले तर आई वाचेल.

जय भीम. तब्येत कशी आहे हे विचारत नाही. विचारायची तेव्हा विचारली होती, तर "गॅस झालाय गो, दुसरं काय न्हाय," म्हणालात. गॅस!

आजच का लिहितेय ते सांगते. काल तुमच्या शाळेत माझा सत्कार झाला. स्टेजवर खुर्चीत तुमचा फोटो, त्याला हार. शेजारच्या खुर्चीत मी, मलाही हार. आणि नवे हेडमास्तर माईकवर काय म्हणाले माहितेय? "वडील गेल्याची बातमी कळूनसुद्धा आपली सुजाता देशासाठी बर्फावर उतरली!" पोरांनी टाळ्या कुटल्या. बोर्लीच्या नाक्यावर बॅनर लागलाय, त्यावरही हेच. पितृशोक गिळून खेळली म्हणे! आपली आइस हॉकी, आणि त्या बॅनरवर माझ्या हातात गवतावरच्या हॉकीची काठी चिकटवलीय, पण ते एक सोडून द्या.

मी उठले आणि त्यांच्या हातातला माईकच घेतला. "मला माहीतच नव्हतं!" म्हणून ओरडले. "मला कोणी सांगितलंच नव्हतं! कसला शोक आणि कसलं गिळणं?" पहिल्या रांगेत आईने मान खाली घातली. तर हेडमास्तर हळूच माईक काढून घेत म्हणाले, "ताईंच्या भावना अनावर झाल्या आहेत." आणि पुन्हा टाळ्या! आता या लोकांना काय म्हणायचं?

म्हणून म्हटलं, ज्यांनी हा घोळ घातला त्यांनाच जाब विचारावा. आणि तो कागदावर. तुमच्या फोनच्या नंबरावर माझा आता काडीचाही विश्वास उरलेला नाही, आणि तो का उरला नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मला या खेळात कोणी ढकललं, अण्णा? तुम्हीच ना? मुंबईहून कुणाचे तरी जुने चाकांचे स्केट्स घेऊन आलात आणि शेजारच्या तात्यांच्या सुपारीच्या खळ्यावर मला उभं केलंत. आख्ख्या आळीत तेवढंच गुळगुळीत सिमेंट. तात्या बोंबलत आले, "मास्तर, सुपारी वाळत घातलीय, पोरीला आवरा!" तुम्ही झाडू घेतलात, सुपारी एका बाजूला लोटलीत आणि म्हणालात, "अर्धं खळं सुपारीला, अर्धं सुजाताला." मी वळायला शिकले ती त्या अर्ध्या खळ्यामुळे. वळले नसते तर थेट सुपारीत. दोनचारदा गेलेही, आणि तात्यांच्या शिव्या मला नाही, तुम्हाला पडल्या.

पुढे चाकांवर हॉकी आली, महाराष्ट्राचा संघ आला, आणि मग एकदम लडाखचं शिबिर. गाव हसलं होतं. खाडीकाठची पोरगी बर्फावर काय करणार? तिथल्या मुली लहानपणापासून गोठलेल्या तळ्यावर खेळलेल्या, आणि मी दिवसभर आपटतेय. रडत फोन केला तर तुम्ही म्हणालात, "पडलीस? मग उठलीस ना? उठलीस म्हणून तर फोन करतेयस." आणि ठेवून दिलात! तेव्हाही राग आला होता, पण तो राग कामाचा होता.

आमच्या आइस हॉकीत एक रीत आहे, ती तुम्हाला माझ्याहून जास्त आवडायची. सामना संपला की दोन्ही संघ बर्फावरच्या निळ्या रेघेवर हेल्मेट काढून उभे राहतात आणि फक्त जिंकणाऱ्यांचं राष्ट्रगीत वाजतं. हरलेल्यांनी ते सरळ उभं राहून ऐकायचं. आम्ही बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांतच. फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाचं वाजलं?" आणि दुसराही ठरलेला, "सरळ उभी होतीस ना?" जन्मभर शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत घेतलंत, तुम्ही दुसरं काय विचारणार! एका संघाने आम्हाला इतक्यांदा हरवलं की त्यांची चाल तुम्हाला पाठ झाली होती. दाढी करताना गुणगुणायचात, आणि आई आतून ओरडायची, "आपल्या देशाचा म्हणा की काय तरी!"

या वेळी परदेशातल्या स्पर्धेला निघाले, तेव्हा मला सोडायला स्टँडवर आलात आणि बाकड्यावर बसून हात हलवलात. तुम्ही कधी बसत नाही. गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उभे असता. मी खिडकीतून विचारलं, "बसलात का हो?" तर म्हणालात, "बाकडा नवीन टाकलाय, बघतोय कसा आहे तो." तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. किती सफाईने खोटं बोलायचात तुम्ही!

आणि तिसऱ्या नंबरासाठीच्या सामन्याच्या आदल्या सकाळी गेलात.

जाताना आई आणि मिलिंददादाला ताकीद दिलीत म्हणे. सुजाताचा शेवटचा सामना होऊन ती घरी येईपर्यंत तिला कळता कामा नये. दादाने आमच्या मॅनेजर मॅडमना फोन करून सांगितलं, मॅडमनी कॅप्टनला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलींना कळलं. म्हणजे इथल्या सुपारीच्या खळ्यापासून तिथल्या परदेशातल्या बर्फापर्यंत सगळ्या जगाला ठाऊक, मी एकटी सोडून! माझी खोलीतली मैत्रीण डोलमा, जी स्वतःचे केस विंचरत नाही, तिने त्या दिवशी माझी वेणी घातली. मला वाटलं, सामन्याची धास्ती घेतलीय बिचारीने.

सामन्याचं सांगते. तुमच्यासाठी नाही सांगत, मला कुणाला तरी सांगायचंय. आम्ही एका गोलने पुढे होतो. मी राखणीची खेळाडू, तीही बदली, एरवी बाकावर बसून पाणी पिणारी. शेवटच्या मिनिटांत कोच मॅडमनी मला आत पाठवलं. समोरून रबराची ती काळी चकती अशी सणसणत आली की मला दिसलीच नाही, नडगीवर बसली तेव्हा कळलं. मी तिच्यावर आडवी पडले आणि उठलेच नाही. भोंगा वाजला. जिंकलो, अण्णा! निळ्या रेघेवर उभी होते, नडगी ठणकत होती, आणि आपलं वाजत होतं.

फिजिओ ताईने त्याचा व्हिडिओ काढला होता. तो तुम्हाला पाठवला. खाली लिहिलं, "अण्णा, आज आपलं वाजलं!!" दोन निळ्या खुणा आल्या. जरा वेळाने उत्तर आलं, "शाब्बास. सरळ उभी होतीस ना?"

मी तो मेसेज आख्ख्या संघाला दाखवत फिरले. "देखो, मेरे अण्णा!" कॅप्टन उठून बाथरूममध्ये गेली. डोलमाने मिठी मारली ती सोडेचना. मग कॅप्टन लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि तिने सामन्यातली ती काळी चकती माझ्या हातात ठेवली. ती गोल करणारीला मिळते. मला का? मी म्हटलं, नडगीवर झेलली म्हणून असेल. कसली खूश झाले होते मी! इकडे तुमची राखसुद्धा थंड झाली होती.

आता पुढचं ऐका, कारण हे तुम्ही ठरवलेल्यात नव्हतं. दादाने मला विमानतळावरून घरी आणताना वाटेत सांगायचं, असं आईने त्याला बजावलं होतं. दादाला जमलं नाही. पनवेल गेलं, माणगाव गेलं, तो नुसता गाडी चालवतोय. आपल्यात डोकं भादरत नाहीत, म्हणून त्याच्याकडे बघूनही काही कळेना. म्हसळं मागे पडल्यावर मी बॅगेतून मेडल काढलं आणि गळ्यात घातलं. त्याने बघितलं आणि तरी गाडी चालवत राहिला.

आपल्या दारात मंडप होता, अण्णा. खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मी हसले. म्हटलं, "दादा, एवढा थाट कशाला रे केलात?" आणि गाडीतून उतरून मी लोकांना हात केला. तुमच्या जलदानविधीला आलेल्या माणसांना, मेडल घालून, दात काढून, हात केला! टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या शेजारी तुमचा. खरं सांगू, तुमचा फोटो बघून पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? वाटलं, वा, मास्तरांचाही सत्कार ठेवलाय वाटतं.

मग शेजारच्या काकी पुढे आल्या. "बाय माझी, धीर धर गो," म्हणाल्या. आणि मला समजलं.

त्या एका हात करण्याची तुम्ही भरपाई कशी करणार आहात?

विधी माझ्यासाठी थांबवला होता. सगळे पंचशील म्हणायला लागले. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मी आईकडे बघितलं. तिचे ओठ थांबले. विहारात दर रविवारी तुम्ही आम्हाला ते शील म्हणायला लावायचात, आवाज कमी आला तर पुन्हा म्हणायला लावायचात. आणि शेवटचं काम काय केलंत, तर बायकोला आणि मुलाला खोटं बोलायला बसवलंत. तुमच्या फोनवरून तो मेसेज आईने लिहिला होता. जी आई मोबाईलवर फुलांचे फोटो पुढे ढकलण्यापलीकडे काही करत नाही, तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं. तुम्ही सांगून ठेवलं होतंत ना, काय लिहायचं ते?

आईशी भांडले. ती म्हणते, "तुला सांगून काय झाला असता गो? रडली असतीस. खेळली न्हाय असतीस. त्यांना वाटला, पोरीचा सगळा फुकट जाईल."

"ते मी ठरवलं असतं!" म्हटलं. यात माझं काय चुकलं? सहल कुठे न्यायची, चौलला की रायगडावर, हे चौथीच्या पोरांना हात वर करून ठरवायला लावणारे मास्तर तुम्ही. सबंध तालुक्यात असा दुसरा मास्तर नव्हता. आणि माझ्या वेळी मला एक हात वर करायला मिळाला नाही? कदाचित मी खेळलेही असते. कदाचित पहिलं विमान पकडून आले असते. मलाही माहीत नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही.

तुम्हाला वाटलं, जिंकल्याचा दिवस पोरीला पुरा मिळू दे. पुरा कुठे मिळाला? ती चकती कपाटावर आहे, तिच्याकडे बघवत नाही. ती मला नडगीसाठी मिळाली की बाप मेला म्हणून? आणि कोच मॅडमनी मला शेवटी आत पाठवलं, ते माझा खेळ बघून की माझी कीव करून? डोलमाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सच में नहीं पता, सुजाता." सांगा ना, त्या दिवसातलं माझं स्वतःचं काय उरलं? नडगीवरचं काळंनिळं तेवढं, आणि तेही आता पिवळं पडत चाललंय.

कालच्या सत्कारानंतर आई माझ्याशी बोलत नव्हती. आज सकाळी चहाचा कप ठेवला आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "त्यांनी दोन सांगितलेले."

"काय दोन?"

"मेसेज. एक जिंकलीस तर, एक हरलीस तर. माझ्याकडनं पाठ करून घेतले. तू जिंकलीस, म्हणून दुसरा पाठवला न्हाय."

"दुसरा काय होता?"

आई शाळेतल्या पोरीसारखी सरळ उभी राहिली आणि तिने म्हणून दाखवला. "हरलीस तर काय झालं? घरी ये. मी स्टँडवर आहे."

कप आदळून मी उठले. आईवर ओरडले, तुमच्या फोटोवर ओरडले, आणि इथे खळ्यावर येऊन बसलेय. तात्यांनी सुपारी घातलीय वाळत, अर्ध्यावरच. अजून अर्ध्यावरच घालतात.

मी स्टँडवर आहे! खोटारडे! हरले असते तर दादाची गाडी नको म्हणून मी एसटीनेच आले असते, उतरून त्या नव्या बाकड्यावर तुम्हाला शोधलं असतं. पानाच्या टपरीमागे बघितलं असतं, मुतारीकडे बघितलं असतं, 'अण्णा' म्हणून हाका मारल्या असत्या. याचा विचार केला होतात का, मास्तर? नाही केला. तुम्ही फक्त एवढंच बघितलंत की हरलेली पोरगी एकटी उतरायला नको.

आणि मला तोच मेसेज हवाय, अण्णा. जिंकले म्हणून मला दोन वाक्यांची शाब्बासकी मिळाली आणि तो आईकडे राहून गेला. तुमच्यावर इतकी चिडलेय, तरी सकाळपासून तोच घोकतेय.

तेव्हा आता माझं ऐका. आई आणि दादाकडून वचन घेतलंय. यापुढे घरात काही झालं तर पहिला फोन मला. मी सामन्याला उभी असले, एका पायाचा स्केट बांधून झालेला असला तरी मला. थांबायचं की यायचं ते मी बघेन, आणि त्याचा दोष कुणाला देणार नाही. पुढच्या स्पर्धेला मी जाणार आहे. समोर तगडे संघ आहेत, बहुतेक आम्ही हरू. दुसऱ्याचं वाजेल आणि मी सरळ उभी राहीन, ते विचारायचीही गरज नाही. आईला सांगितलंय, तो दुसरा मेसेज त्या दिवशी पाठव. पण तुझ्या स्वतःच्या नंबरावरून. आणि 'मी स्टँडवर आहे' असं लिहिलंस, तर तू खरंच तिथे असली पाहिजेस.

ती 'व्हय' म्हणालीय. आणि ती जर बाकड्यावर बसलेली दिसली, तर घरी न जाता आधी तिला डॉक्टरकडे नेईन.

जय भीम.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुजाता